शेंदराखालची बाई

"माझ्याकडे एक दगड आहे," संजीवनी म्हणाली आणि अख्खा वाचनवर्ग हसला.

हसण्यात वाईट काही नव्हतं. त्या वर्गात प्रत्येकाने कधी ना कधी दगड आणलेला होता. दगड म्हणजे अक्षरं असलेला, जुना, कुणी न वाचलेला. कुणी शेताच्या बांधावरून शोधला होता, कुणी देवळाच्या पायरीतून. उल्हासनगरच्या हरेशभाईंनी जीन्स धुण्याच्या कारखान्यामागून शोधला होता. तो बघायला सगळे दोन रिक्षा करून गेले, तर तो निघाला लष्करी छावणीच्या काळातला बराकीचा नंबर. तरी वर्गाचा नियम मोडला नाही. दगड ज्याचा, पहिलं वाचन त्याचं. हरेशभाईंनी चष्मा लावून मोठ्या गांभीर्याने "बी, सतरा" असं वाचलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग त्यांच्या घरी दाल-पकवान खाल्लं.

दगड आणला नव्हता तो फक्त संजीवनीने. चार वर्षं ती दर बुधवारी येत होती, दुसऱ्यांचे दगड वाचत होती आणि आपली पाळी आली की म्हणत होती, "बघू, सापडला तर."

"कुठे सापडला, संजीवनीताई?" जिज्ञासा मॅडमनी विचारलं. वर्ग त्यांनी सुरू केला होता. वय पस्तिशीच्या आत, पण जुनी अक्षरं वाचायला लागल्या की सगळ्यांना त्या आजीसारख्या वाटत.

"सापडला नाही. घरचाच आहे."

"घरचा म्हणजे?"

"शेतात. आमच्या सासूबाई पूजा करतात त्याची. देवी म्हणून." संजीवनी थांबली. "चंद्र-सूर्य आहेत वर. शेंदूर आहे, म्हणून खालचं दिसत नाही. पण मला वाटतं, गधेगाळ आहे."

आता कुणी हसलं नाही.

"चार साल छुपाके रखा?" हरेशभाई म्हणाले. "दीदी, आप तो बडी पहुँची हुई हो."

विद्यापीठाचं उपकेंद्र अंबरनाथ पश्चिमेला आहे. तिसऱ्या मजल्यावर मध्ययुगीन अभ्यासाची खोली, एका बाजूला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला मोडक्या खुर्च्या. संजीवनी तिथे पहिल्यांदा गेली ती ब्लाउज द्यायला. खालच्या ऑफिसातल्या एका बाईंचे ब्लाउज ती शिवत असे. त्या जागेवर नव्हत्या, म्हणून ती जिन्यात उभी राहून भिंतीवरचे कागद वाचू लागली. एकावर लिहिलं होतं, "मध्ययुगीन लेखांचा वाचनवर्ग. सर्वांसाठी खुला." संजीवनीचं शिक्षण दहावीपर्यंत. पण "सर्वांसाठी" लिहिलंय म्हणजे आपण आलोच की त्यात, असा तिने सरळ अर्थ लावला आणि ब्लाउजची पिशवी घेऊन वर गेली. त्या दिवसापासून तिचा बुधवार ठरला.

पहिल्याच वर्षी मॅडमनी पडद्यावर गधेगाळ दाखवला. वर कलश, चंद्र आणि सूर्य. मधे लेख, की हे शेत अमक्याला दान दिलं, चंद्र-सूर्य असेतोवर ते त्याचंच. आणि खाली, दान मोडणाऱ्याला शाप. शाप अक्षरांत तर होताच, पण ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कोरलेलाही होता. एक बाई आणि तिच्यावर चढलेलं गाढव. मॅडमनी पटकन पुढची स्लाइड लावली. मागच्या बाकावरचे दोन एम.ए.चे मुलगे खोकले.

संजीवनी मात्र वरच्या चंद्र-सूर्याकडे बघत राहिली होती. लग्न होऊन हेंद्रेपाड्यातून जांभूळला आली, तेव्हापासून ते तिच्या रोजच्या ओळखीचे होते.

घरी कुणाला सांगणार? सासूबाईंना, मोतीबाईंना? मोतीबाईंची ती देवी होती. संजीवनीचा नवरा अनंता लहानपणी तापाने गार पडत चालला होता, तेव्हा त्याला त्या देवीपुढे आणून ठेवला होता, आणि तो उठला. शेत विकलं गेलं, त्यावर टॉवर आले, पण देवीचा कोपरा मोतीबाईंनी विकू दिला नव्हता. सौदा करायला आलेल्या माणसाला त्या म्हणाल्या होत्या, "तिला इचार आधी." माणूस कागदपत्रं घेऊन दगडासमोर उभा राहिला, थोडा वेळ थांबला आणि तो कोपरा सोडून बाकीचं घेऊन गेला.

तर चार वर्षं संजीवनी गप्प बसली. आता बोलली, कारण देवीने कवच सोडायला सुरुवात केली होती.

शेजारच्या टॉवरच्या पायाचं काम चालू होतं. जमीन दिवसभर हादरत होती. त्या बुधवारी सकाळीच शेंदराच्या थराला खांद्यापाशी भेग गेलेली दिसली. मोतीबाई घाबरल्या नाहीत, उलट खूश झाल्या.

"अंग झाडतेय ती," त्या म्हणाल्या. "माज्या सासूच्या वक्ताला झारलंतं. मना तवा जवल येऊ दिला नाय, मी नवी होती. आता मी करनार. तू संगं ये, आनि बापया कुनी नको."

"मी पण नको?" अनंताने विचारलं. तो जांभूळच्या पाण्याच्या पंपहाउसवर नोकरीला होता आणि त्या आठवड्यात त्याची दिवसपाळी होती.

"तू नलाला पानी सोर. देवीच्या आंघोलीला लागंल."

रात्री अनंता बायकोला म्हणाला, "तुझ्या डोक्यात काहीतरी चाललंय. तुमच्या वर्गातल्यासारखी बघत होतीस दगडाकडे."

संजीवनीने त्याला सगळं सांगितलं. चित्राचंही.

त्याने पंख्याकडे बघत विचारलं, "आईला सांगणार?"

"तीच उघडणार आहे. तिचे हात काय थांबणार आहेत?"

"तिला नीट दिसत नाही."

"म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"दिसत असतं तर तिचं तिने बघितलं असतं. दिसत नाही म्हणून मी खोटं सांगितलं, तर ते फार सोपं होईल."

अनंता म्हणाला, "झोप आता, प्रोफेसर," आणि कूस बदलली. पण सकाळी त्याने नळाला पाणी सोडलं आणि टाकी भरेपर्यंत तिथेच उभा राहिला.

गुरुवारी दोघी देवीपाशी बसल्या. चारी बाजूंनी जुनी लुगडी बांधून आडोसा केला. मोतीबाईंनी कोमट तेल भेगेत सोडलं आणि लाकडी उलथन्याने हळूहळू थर सैल केला. कवच ढलप्याढलप्यांनी सुटू लागलं. ढलपीची कड पाहिली तर थरावर थर, काही गडद, काही फिके, एकात तांदळाचा दाणा अडकलेला. चांदीचे डोळे ज्या तुकड्यावर होते तो निघाला, तेव्हा मोतीबाईंनी तो पदरात घेतला आणि हात पुढे नेला. बोटं दगडाच्या माथ्यावरून खाली सरकली.

"तोंड कुठं गेला गो?"

"तोंड नाही आई. वर कलश आहे. हा चंद्र, हा सूर्य. त्याच्याखाली लिहिलेलं आहे."

"आनि खाली?" बोटं खाली पोचली होती. मोतीबाई चाचपत राहिल्या. "पाय हायत. चार. जनावर हाय. वाहन हाय का तिचा? कनचा जनावर?"

"गाढव."

मोतीबाईंचा चेहरा उजळला. "मंग शितलादेवी हाय! गाढवावर कोन बसते? शितलामाता! म्हनून तर माज्या अनंताचा ताप उतरला. माज्या सासूलापन ठावं नव्हता बग. नुस्ती देवी म्हनायची. आज तिनं सोताचा नाव सांगितला."

त्या दोन्ही हात जोडून डोळे मिटून बसल्या. संजीवनीला वाटलं, इथेच थांबावं. इतकं चांगलं उत्तर तिला चार वर्षांत सुचलं नव्हतं. शितळामाता. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तिचं वाचन वर्गात होईल, सासूची देवी शेतात राहील, आणि उपकेंद्र ते जांभूळ हे अंतर काही कमी नाही.

ती पिशवीतून कागद काढू लागली. मॅडमनी दिलेला, ठसा घ्यायचा जाड कागद.

"त्ये काय?"

"ठसा घेते आई. फोटो नाही."

मोतीबाईंनी विचार केला. "फोटू नको. फोटू लांबनंच उचलून नेतो. कागद चालंल. कागद अंगाला लागतो."

संजीवनीने दगड धुतला, ओला कागद त्यावर बसवला आणि ब्रशने ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचांत उतरवला. मग शाईच्या पुरचुंडीने वरून हलकेच टिपत गेली. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटू लागली. तिचा हात शिवणकामाचा होता, घाई करत नव्हता. दुसऱ्यांच्या दगडांवर तिने हे किती वेळा केलं होतं, पण आज दगड तिचा होता. ती वाचत गेली. राजाचं नाव झिजलेलं होतं. शेताच्या सीमा होत्या, पूर्वेला ओढा, दक्षिणेला वाट. ओढा म्हणजे आत्ता टॉवरचं पार्किंग आहे तो.

"काय लिवलाय? मोठ्यान वाच की. माज्या देवीचा हाय."

संजीवनीने वाचलं आणि अर्थ सांगितला. हे शेत दिव्याच्या तेलासाठी दिलं आहे. चंद्र-सूर्य आहेत तोवर दिलं आहे.

"बरा लिवलाय. पुढं?"

संजीवनी पुढची ओळ मनातच वाचत राहिली.

"पुढं गो? अजून वल हाय ना? तुजा बोट हाय तिथं."

तिचं बोट खरंच शेवटच्या ओळीवर होतं. तिने ते उचललं नाही. "पुढे शाप आहे आई. जो हे शेत हिरावून घेईल, त्याच्यासाठी. खालचं चित्र त्याचंच आहे. ते वाहन नाही. शितळादेवी नाही ही. ही बाई म्हणजे त्या माणसाची आई. आणि ते गाढव..." तिने उरलेलं एका दमात, सरळ शब्दांत सांगून टाकलं.

टॉवरच्या कामाचा घणाघात चालू होता. लुगड्याचा आडोसा वाऱ्याने फुगून खाली बसला.

मोतीबाईंनी हात पुढे केला, पण दगडापर्यंत नेला नाही. मग म्हणाल्या, "शेत कोन घेनार? त्यो बाप्या ना?"

"हो."

"मंग त्याच्या आयसनी काय केलाता?"

"काही नाही केलं."

"काय नाय?"

"नाही आई. त्या काळी तसा शाप द्यायची रीत होती. पुष्कळ दगडांवर आहे."

"रीत," मोतीबाई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी भाजीतल्या खड्यासारखा तोंडातून काढून बाजूला ठेवला. "मी इतकी वर्सा हिच्या पाया पडली. ही सोता अशी परलेली, आनि मी हिला म्हनते, माज्या पोराला वाचव."

त्या उठल्या आणि घरात गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. दगड उघडाच होता. संध्याकाळी संजीवनीने त्यावर एक जुनी साडी टाकली आणि कागद वाळत घातला. अनंता पाळीवरून आला, आईच्या खोलीत डोकावला आणि बायकोला म्हणाला, "झालं समाधान?" समाधान झालं नव्हतं. पण केलेलं परत घ्यावं असंही तिला वाटत नव्हतं.

सकाळी मोतीबाई परातीत शेंदूर आणि तेल कालवत बसलेल्या दिसल्या.

"आई?"

"माज्या आधीच्या बायकांना दिसत नवता काय? त्यांचं डोलं धर होतं. त्यांनी बगितला, आनि झाकला तिला. कुनीतरी पयला हात लावला आसंल ना? देवी म्हनला म्हंजे कुनी बगनार नाय, हसनार नाय, पाया परतील." त्यांनी बोटाने शेंदूर तपासला. "मी खालून सुरू करनार. तू वरून ये."

मग त्यांनी वाळत घातलेल्या कागदाकडे मान वळवली. "त्यो तू नेनार तुज्या कालेजात?"

"नेणार आहे."

"वरचा वाच. वाच की. शिकलीस तर वाच. पन तिला चार मान्सांत तशी उभी करू नको. खालचा दुमड."

तिसऱ्या मजल्यावर तो दुमडलेला कागद पाहून जिज्ञासा मॅडम आधी आनंदल्या आणि मग गोंधळल्या. वार्षिक मध्ययुग दिनाला चारच दिवस होते. बाहेरून अभ्यासक येणार होते, आणि तिथे वाचलेले निबंध संग्रहात छापले जाणार होते.

"ताई, वाचन उत्तम आहे तुमचं. पण शिल्प दाखवायला लागेल. त्याच्याशिवाय गधेगाळ कसा म्हणायचा?"

"मी सांगीन ना. खाली गाढव आणि स्त्री कोरलेली आहे, असं म्हणीन."

"सांगणं वेगळं, पुरावा वेगळा. ही शिल्पं पुस्तकांत छापलेली आहेत, म्युझियममध्ये आहेत. आपण अभ्यासक म्हणून बघतो त्याकडे. लाजायचं कारण नाही."

"मी लाजत नाहीये मॅडम," संजीवनी म्हणाली. "मी कबूल केलंय."

"कुणाला? सासूबाईंना?"

"हो. आणि मला ते पटलंय. दगडावर राजाने एक लिहिलं. त्याच्यावर गावच्या बायकांनी शेंदराने दुसरं लिहिलं. पहिलं वाचायचं म्हणून दुसरं खरवडून टाकायचं, तर ते अर्धंच वाचन झालं. मी दोन्ही वाचणार आहे."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. "असं असेल तर निबंधसंग्रहात नाही घेता येणार. संपादक मान्य करणार नाहीत. पहिलाच निबंध तुमचा, नाव छापून आलं असतं."

संजीवनीने हे आधीच मनात धरलं होतं. तरी ऐकताना तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. छापलेलं स्वतःचं नाव तिने आजवर लग्नपत्रिकेत पाहिलं होतं, तेही 'चि. सौ. कां.' लावून.

"चालेल," ती म्हणाली.

"आणि कार्यक्रमात..."

"मॅडमजी," हरेशभाई कोपऱ्यातून म्हणाले, "रूल तो रूल आहे ना. माझा मिलिटरीवाला फत्तर पण वाचू दिला होता तुम्ही. दगड जिसका, पहिला वाचन उसका. दीदीचा तर असली आहे."

मॅडमना हसू आलं. "वीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "वाचा तुम्ही."

मोतीबाई येणार असं कुणी ठरवलं नव्हतं. त्या सकाळी आवरून दारात उभ्या राहिल्या, एवढंच. अनंताने पाळी बदलून घेतली आणि रिक्षा आणली. उपकेंद्राच्या दारात स्वागताला उभ्या असलेल्या मुलींना वाटलं, या कुणीतरी मोठ्या पाहुण्या. त्यांनी मोतीबाईंना गुलाब दिला आणि पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. "मान ठेवतात हो तुज्या कालेजात," मोतीबाई सुनेला म्हणाल्या आणि गुलाब अंबाड्यात खोचला.

संजीवनीने कागद फळ्यावर लावला. खालचा भाग वर दुमडून ब्लाउजच्या कामातल्या टाचण्यांनी अडकवला. मग माईकपाशी येऊन वाचायला लागली. पहिल्या दोन ओळींत आवाज कापला. तिसरीपासून तो तिचा झाला. राजाचं झिजलेलं नाव तिने झिजलेलंच वाचलं, आपल्या पदरचं काही घातलं नाही. ओढा आला, वाट आली, दिव्याचं तेल आलं.

"शिल्प का झाकलंय?" मागून एका पाहुण्यांनी मध्येच विचारलं. "काढा की ते. सगळे जाणकारच आहेत इथे."

"काय कोरलंय ते मी सांगते, आणि का झाकलंय तेही सांगते," संजीवनी म्हणाली. "दाखवणार नाही."

"पुरावा नको का?"

"पुरावा आमच्या शेतात आहे. त्याच्यावर शेंदूर आहे. पुन्हा कवच सुटेल तेव्हा या. बायका असतील त्यांनी आत यायचं, पुरुषांनी पाणी भरायचं."

सभागृहात हशा झाला, पण या वेळी तो तिच्या बाजूने होता. कुणीतरी उकडतंय म्हणून भिंतीवरचा पंखा मोठा केला. संजीवनी शाप सांगू लागली. जो हे मोडील, असं तिने म्हटलं तेवढ्यात फळ्यावर टाचणी सुटल्याचा बारीक आवाज झाला. दुमडलेल्या कागदाची एक कड उचलली, फडफडली. मागच्या रांगेतल्या दोघांनी माना उंच केल्या.

संजीवनीचे हात माईकपाशी होते. मॅडम उठायच्या आत मोतीबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. चाचपत फळ्यापर्यंत गेल्या, कागदाची घडी सापडली तशी ती फळ्यावर दाबली आणि तिच्यावर पंजा पसरून तिथेच उभ्या राहिल्या, सगळ्या सभेकडे तोंड करून. नखांच्या कडांना शेंदूर होता.

"आजी, बसा ना तुम्ही," मॅडम हळूच म्हणाल्या. "आपण पिन लावू."

"ऱ्हाऊ दे. मी हाय." मग त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "वाच गो तू."

संजीवनीने माईकजवळ तोंड नेलं आणि शेवटची ओळ वाचली.